मुरमावरची सायकल, डांबरावरची सायकल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

सायकल एकदा आली की जन्मभर विसरत नाही, असं आपण म्हणतो. ते खरं आहे, पण अर्धंच. माणूस नुसती सायकल शिकत नाही. तो कुठल्या तरी रस्त्यावर सायकल शिकतो आणि त्या रस्त्याच्या सवयी हातापायांत घेऊन पुढे जातो. मी मुरमावर शिकलो. पहिल्यांदा सपाटून आपटलो, तो मात्र डांबर संपून मुरूम सुरू होतो त्या कडेवर. कोपराचा वण अजून आहे.

आमचं गाव मिरजगावच्या बाजूला. पूर्वीचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा, तालुका कर्जत. नगरहून सोलापूरला जाणारा मोठा रस्ता रुईछत्तिशीवरून मिरजगावला येतो आणि माहीजळगाव, करमाळ्याकडे निघून जातो. पूर्वेला सीना नदी आणि नदीपलीकडे बीड जिल्ह्यातला आष्टी तालुका. पर्जन्यछायेचा हा मुलूख. पाऊस बेभरवशाचा, पण दगड मात्र हवा तेवढा. माझ्या लहानपणी या भागात डांबरी म्हणावा असा एकच रस्ता होता, तो हा मोठा रस्ता. त्याला येऊन मिळणाऱ्या बाकीच्या सगळ्या वाटा मुरमाच्या, खडीच्या, नाहीतर नुसत्या मातीच्या. वस्तीवरून मिरजगावच्या हायस्कुलात जायचं म्हणजे दोन कोसांच्या प्रवासात तीन जातींचे रस्ते लागायचे आणि प्रत्येकावर सायकल वेगळी चालवायची. हे कुणी पुस्तकात लिहून ठेवलेलं नव्हतं. पण ते सगळ्यांना येत होतं, आणि ज्याला येत नव्हतं त्याला रस्ता शिकवत होता.

आधी रस्त्याची गोष्ट सांगतो. आपण ज्याला मुरूम म्हणतो तो म्हणजे आपल्याच काळ्या पाषाणाची झीज. दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट खडक ऊनपाण्याने कुजत जातो, तांबूस-पिवळट भुसभुशीत होतो, तो मुरूम. पसरून पाणी मारलं आणि वरून रूळ फिरवला की तो घट्ट बसतो. पावसाळा ओसरल्यावर, कार्तिकापासून पुढे दोन-तीन महिने, चांगला बसलेला मुरमाचा रस्ता सायकलला इतका सुखाचा असतो की विचारू नका. तेच चैत्र-वैशाखात वरचा थर सुटतो आणि बारीक खडे मोकळे होतात. ज्वारीचे दाणे पसरलेल्या फरशीवर चालून बघा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

खडीच्या रस्त्याचं शास्त्र मात्र परक्या मुलखातून आलं. जॉन लाउडन मॅकॅडम नावाच्या स्कॉटिश गृहस्थाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ते रूढ केलं. मोठमोठे दगड तळाशी घालायची गरज नाही, सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण पावणेदोनशे ग्रॅमपेक्षा, जड दगड रस्त्यात वापरूच नये, असा त्याचा आग्रह. जो दगड मजुराच्या तोंडात मावत नाही तो रस्त्यावर टाकायचा नाही, अशीही एक गोष्ट त्याच्या नावावर सांगतात. त्यामागचं कारण साधं होतं. चाकाच्या रुंदीच्या मानाने दगड लहान असला की चाक त्याच्यावर चढत-उतरत नाही, सरळ पुढे जातं. त्या काळच्या घोडागाड्यांची चाकं चांगली रुंद होती, म्हणून हा हिशोब जमला. आपल्याकडच्या बैलगाडीची लोखंडी धाव मात्र अरुंद. ती रस्त्यावरून जात नाही, रस्ता कापत जाते. ‘चाकोरी’ हा शब्द आपण आता फक्त ‘चाकोरीबाहेरचा विचार’ म्हणताना वापरतो. आमच्या लहानपणी चाकोरी म्हणजे खरोखरची, वीतभर खोल, फुफाट्याने भरलेली नळी होती आणि तिच्यात सायकलचं पुढचं चाक अडकलं की आपण हँडलवरून पलीकडे.

आमच्या जिल्ह्यात रस्ते आणि दुष्काळ यांचं नातं फार जुनं. १८७६ ते ७८ च्या मोठ्या दुष्काळात सरकारने लोकांना काम द्यायचं म्हणून खोदाईची आणि भरावाची कामं काढली. दौंड-मनमाड लोहमार्ग त्याच काळात दुष्काळी मजुरांच्या हातून उभा राहिला आणि १८७८ मध्ये सुरू झाला. पुढच्या प्रत्येक दुष्काळात हेच. पाऊस गेला की माणसं घमेलं-फावडं घेऊन रस्त्यावर.

माझ्या पिढीचा दुष्काळ १९७२ चा. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. महाराष्ट्रात १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यांतली एक माझी आई. खडी फोडण्याचं काम. मोठा दगड तात्या सुतकीने फोडून द्यायचे आणि आई मांडी घालून, समोर एक सपाट धोंडा ठेवून, लहान हातोड्याने त्याची खडी करायची. चपटे, कडेला धारदार तुकडे. बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. खडीचे ढीग ब्रासात मोजायचे. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. मोजणीच्या दिवशी सगळ्या बायांचे चेहरे परीक्षेला बसल्यासारखे दिसायचे. दुपारी सुकडी मिळायची. ती खायला आम्ही पोरं बरोबर वेळेवर हजर.

या कामांतूनच पुढे रोजगार हमी योजना पक्की झाली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना मांडली होती. तासगाव भागात १९६५ मध्ये तिचा पहिला प्रयोग झाला, कायदा १९७७ मध्ये मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. देशाने २००५ मध्ये जो रोजगार हमीचा कायदा केला, त्याचं मूळ इथलं. या इतिहासावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि ते रास्तच आहे. पण त्या कामांतून जे रस्ते झाले त्यांच्यावरून सायकल चालवणाऱ्याचं काय झालं, हे कुणी फारसं विचारत नाही. म्हणून मी सांगतो.

त्यातले बरेच रस्ते अर्धवट राहिले. माती पडली, खडी पसरली आणि पाऊस आला. पाऊस आल्यावर माणसं शेतावर परतली. रूळ काही फिरला नाही. खडी नुसती पसरलेली, मोकळी, हाताने फोडलेली आणि म्हणून धारदार. नदीतल्या गोट्यासारखा गोल दगड टायरखालून निसटतो. फोडलेला बेसाल्ट टायर कापतो. पुढे चार-पाच वर्षांनी मी हायस्कुलात जायला लागलो तो याच रस्त्याने. आईने फोडलेल्या खडीवरून मी रोज सायकल नेत होतो आणि रोज तिला नावं ठेवत होतो. एकदा घरी येऊन म्हणालोही, ‘‘कसला रस्ता केलाय हा!’’ आई चुलीपाशी होती. ती काही बोलली नाही. तात्यांनी माझ्याकडे फक्त एकदा बघितलं.

आता सायकलकडे वळतो. पुढचं-मागचं चाक सारखं आणि मागच्या चाकाला साखळी, अशी आजच्या सायकलची पूर्वज म्हणजे ‘रोव्हर’. जॉन केम्प स्टार्ली याने ती १८८५ मध्ये इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत बनवली. तिला भरीव रबराची धाव होती. खडबडीत रस्त्यावर हाडं खिळखिळी व्हायची. १८८८ मध्ये बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर केला आणि चित्र पालटलं. गंमत अशी की किर्लोस्कर उद्योगसमूह आपली सुरुवात जिथून मोजतो ते सालही १८८८ च. लक्ष्मणराव किर्लोस्करांचं बेळगावातलं पहिलं दुकान नांगराचं नव्हतं, पंपाचंही नव्हतं, ते सायकलचं होतं. त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा गिऱ्हाइकांना सायकल चालवायला शिकवायचे आणि त्याचे पैसे घ्यायचे. मराठी मुलखातला सायकलचा हा बहुधा पहिला शिकवणीवर्ग. बेळगावची तांबडी माती आणि त्यावर धोतर सावरत हँडल धरलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर आणून बघा.

रस्ते चांगले हवेत अशी संघटित ओरड मोटारवाल्यांच्याही आधी सायकलवाल्यांनी केली, ही गोष्ट आज कुणाला खरी वाटणार नाही. इंग्लंडातल्या सायकलस्वारांनी १८८६ मध्ये रस्ते सुधारणा संघ काढला. अमेरिकेतल्या सायकलस्वारांच्या संघटनेने ‘गुड रोड्स’ नावाचं मासिकच चालवलं. मग आल्या मोटारी. त्यांची वेगाने फिरणारी रबरी चाकं खडीमधली बारीक भुकटी ओढून बाहेर काढायची, धुळीचे लोट उठायचे आणि दगड मोकळे पडायचे. मॅकॅडमचा रस्ता घोड्याने शंभर वर्षं सांभाळला, मोटारीने काही वर्षांत उखडला. ती भुकटी धरून ठेवायला डांबर हवं झालं. एडगर हूली या इंग्रज अधिकाऱ्याने १९०२ मध्ये डांबर-खडीच्या मिश्रणाचं पेटंट घेतलं. म्हणजे डांबर आलं ते मोटारीसाठी. सायकल तिच्या मागोमाग त्यावर चढली.

आपल्या देशात रस्त्यांचा विचार करायला १९२७ मध्ये समिती नेमली गेली तिचे अध्यक्ष मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. त्यांच्या समितीने पेट्रोलवर जादा कर लावून त्याचा रस्तेनिधी करावा असं सुचवलं आणि १९२९ मध्ये तसा मध्यवर्ती निधी उभा राहिला. पुढे १९४३ च्या नागपूर योजनेने असं उद्दिष्ट ठरवलं, की शेतीच्या सुधारलेल्या भागात कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा लांब असू नये. पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. कागदावर हा आकडा लहान दिसतो. हे आठ किलोमीटर कशावरून जायचं, याचं उत्तर बहुतेक गावांपुरतं पुढची चाळीस-पन्नास वर्षं सायकल हेच होतं.

त्यातही आमची सायकल म्हणजे काळी, दणकट, चोवीस नाहीतर बावीस इंची. मडगार्ड, चेनकव्हर, मागे लोखंडी कॅरियर, ब्रेकला तारेऐवजी सळ्या. दिसायला बोजड, वजनाला वीस किलोच्या आसपास. शहरातली पोरं तिला हसतात. पण तिची रचना नीट बघा. पुढचा चिमटा चांगला तिरका, दोन चाकांमधलं अंतर लांब, सीट मागे आणि खाली जाड स्प्रिंगा. हा सगळा बंदोबस्त वाईट रस्त्यासाठी. बसणाऱ्याचं वजन मागच्या चाकावर राहतं आणि पुढचं चाक हलकं राहून खड्यांमधून आपली वाट काढतं. गिअर एकच. चढ आला की उतरायचं आणि हातात धरून चालायचं, त्यात कमीपणा नव्हता.

तात्यांनी मला शिकवलं ते खळ्याच्या कडेच्या गाडीवाटेवर. आधी दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल, मग दांड्यावर, मग सीटवर. त्यांच्या सूचना मोजक्या. ‘‘हँडल आवळू नको. सायकल तिची वाट काढती, तू नुसता बस.’’ याचा अर्थ मला फार उशिरा कळला. मोकळ्या खड्यांवर पुढचं चाक सतत थोडं थोडं डाव्या-उजव्या बाजूला सरकत असतं. ते सरकू द्यायचं असतं. मुठी आवळून कोपरं ताठ केली की प्रत्येक सरकणं खांद्यापर्यंत पोचतं, मग आपण उलटा झटका देतो आणि तोच झटका आपल्याला पाडतो. कोपरं सैल, सीटवरून किंचित उठून वजन पायडलवर, नजर चाकाजवळ नाही तर दहा-पंधरा पावलं पुढे. पायडल मारणं थांबवायचं नाही, कारण मागच्या चाकाला रेटा असेतो सायकल सरळ राहते. आणि वळणावर कलायचं नाही. वेग वळणाच्या आधीच कमी करायचा, वळताना सायकल उभीच ठेवायची आणि ब्रेकला हात लावायचा नाही. पुढच्या ब्रेकला तर नाहीच. मोकळ्या मुरमावर पुढचं चाक थांबलं की ते रुतत नाही, घसरतं, आणि घसरलेलं पुढचं चाक माणसाला सावरायला वेळ देत नाही. आमच्याकडे कित्येक जण पुढच्या ब्रेकची सळीच सोडून ठेवत. नको ती ब्याद!

पण डांबरावर आलं की हेच शहाणपण अंगावर उलटतं. डांबरावर टायरला धर आहे. तिथे ब्रेक दाबला की सगळं वजन पुढे येतं, मागचं चाक हलकं होतं आणि थांबवण्याचं खरं काम पुढचं चाक करतं. नुसत्या मागच्या ब्रेकवर सायकल थांबायला कितीतरी जास्त अंतर घेते. त्यातून रिम लोखंडी, पावसात भिजली की रबरी ठोकळे नुसते घासत राहणार. पहिल्या पावसाचा डांबरी रस्ता तर दगाबाजच. वर्षभराची धूळ आणि सांडलेलं तेल वर तरंगतं. चैत्रातल्या दुपारी हेच डांबर वितळून टायरला चिकटायचं आणि खालून कोणी तरी ओढतंय असं वाटायचं. पण एरवी, डांबर सुकं आणि थंड असताना, त्याच्यासारखं सुख नाही. इथे वळताना कलायचं असतं. मुरमावर शिकलेल्या पोराला तेच धाडस होत नाही. तो सायकल उभी ठेवून हँडल फिरवतो आणि वळण त्याच्या अंदाजापेक्षा लांब जातं.

माझं नेमकं हेच झालं. नववीत होतो. मोठ्या रस्त्यावर उतार, सकाळची वेळ, मागून वारा. आयुष्यात कधी गाठला नव्हता असा वेग. पुढे हलकं वळण. मी मागचा ब्रेक आवळला, पुढच्याची सळी तर सोडलेलीच होती. वेग उतरला नाही. कललो नाही म्हणून वळणही पुरलं नाही. सायकल डांबर सोडून साइडपट्टीवर गेली आणि तिथे, जिथे कलायचं नाही तिथे, घाबरून मी नेमका कललो. पुढचं सांगत नाही. दप्तरातली शाईची दौत फुटली होती, तेवढं आठवतं.

हवेचाही असाच दुहेरी हिशोब. गावात हवा मोजायचं यंत्र कुणाकडे नव्हतं. यंत्र म्हणजे अंगठा. टायर दाबायचा आणि ठरवायचं. डांबरासाठी कडक, मुरमासाठी थोडी नरम. यामागेही कारण आहे. गुळगुळीत रस्त्यावर नरम टायर सतत चेपत राहतो आणि त्या चेपण्यात आपली ताकद जाते. खडबडीत रस्त्यावर उलटं. तिथे कडक टायर प्रत्येक खड्यावर आख्खी सायकल, माणूस आणि दप्तर उचलतो, ताकद त्या उचलण्यात जाते. नरम टायर खडा पोटात घेतो. पण फार नरम ठेवली तर मोठ्या दगडावर आदळल्यावर ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चेमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. दुकानदार नुसतं बघून सांगायचा, ‘‘हवा कमी होती ना?’’ मग घासकागद, सुलोचन आणि रबराचा तुकडा. त्या चिकट द्रावणाला सोल्युशन म्हणतात हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तोवर ते सुलोचनच होतं. बाभळीचे काटे हा मात्र सगळ्या हिशोबांपलीकडचा विषय. काट्याला कडक काय आणि नरम काय.

काळ्या रानातून जाणाऱ्या वाटेवर पावसात यातली कुठलीच विद्या चालायची नाही. चिखल मडगार्डमध्ये असा भरायचा की चाक फिरणं बंद. मग सायकल खांद्यावर. आधी सायकल आपल्याला नेते, मग आपण सायकलला.

मघाशी साइडपट्टीचा उल्लेख केला, त्याविषयी थांबून सांगायला हवं. सगळ्यात अवघड रस्ता मुरमाचा नव्हता आणि डांबराचाही नव्हता. अवघड होती या दोहोंमधली कड. त्या काळातला मोठा रस्ता म्हणजे मधे एका वाहनापुरती, फार तर दीड वाहनापुरती डांबरी पट्टी आणि दोन्ही बाजूंना मुरमाची साइडपट्टी. मागून ट्रकचा हॉर्न वाजला की सायकलवाल्याने खाली उतरायचं, हा अलिखित कायदा. ट्रक गेला की परत वर. खाली उतरणं सोपं. वर चढताना घात व्हायचा. दर पावसाळ्यात साइडपट्टीचा मुरूम वाहून जायचा आणि डांबराची कड चार बोटं, कुठे वीतभर उघडी पडायची. माणूस काय करतो, की पुढे जाता जाता हळूच हँडल वळवून तिरका चढायला बघतो. पुढचं चाक कडेला घासत राहतं, वर चढत नाही. माणसाचं वजन मात्र आधीच डांबराकडे कललेलं असतं. मग तो पडतो आणि पडतो तो डांबरावर, वाहनांच्या वाटेत.

आमच्या शेजारच्या वस्तीवरचे एक काका रोज पहाटे मिरजगावला दूध घालायला जायचे. कॅरियरच्या दोन्ही बाजूंना किटल्या. सायकल चालवण्यात त्यांच्याइतका हात कुणाचा बसलेला नव्हता. चालत्या सायकलवर ते तंबाखू मळायचे. एका पावसाळी पहाटे एका ट्रकसाठी ते खाली उतरले, तो गेल्यावर वर चढायला लागले आणि कडेने चाक धरलं. मागे दुसरा ट्रक होता. किटल्या रस्त्यावर पडलेल्या मी पाहिल्या, शाळेत जाताना. दूध तोवर पावसाने धुऊन गेलं होतं.

त्या संध्याकाळी तात्या मला मोठ्या रस्त्याला घेऊन गेले. एक अक्षर न बोलता त्यांनी सायकल साइडपट्टीवर उभी केली. मग स्वतः बसून दाखवलं. कड जवळ आली की आधी तिच्यापासून लांब जायचं, वेग कमी करायचा, मागे मान वळवून बघायचं, आणि मग चाक कडेला जितकं काटकोनात आणता येईल तितकं आणून, हँडल किंचित उचलून, एका दमात वर. तिरकं कधीच नाही. जमण्यासारखं नसेल तर उतरायचं. ‘‘उतरलं म्हणून कुणी मेलं नाही,’’ म्हणाले. मी ते वीस-पंचवीस वेळा केलं. अंधार पडेपर्यंत.

पुढे रस्ते बदलले. २५ डिसेंबर २००० रोजी पंतप्रधान ग्रामसडक योजना सुरू झाली आणि ज्या वाड्यावस्त्यांना आम्ही पाणंदीने जायचो तिथे डांबर पोचलं. बैलगाड्यांना रबरी टायर त्याआधीच आले होते आणि चाकोऱ्या भरून गेल्या होत्या. मोटारसायकली घरोघरी झाल्या. सायकल उरली ती मुख्यतः शाळकरी मुलींकडे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या निवडक तालुक्यांत मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या गेल्या. नव्या सायकली हलक्या, दांडा नसलेल्या, ब्रेक दोन्ही चाकांना. चांगली गोष्ट आहे. पण त्या चालवायला शिकवतं कोण? सायकल वाटपाचे फोटो छापून येतात. कड कशी चढायची ते त्या समारंभात कुणी सांगताना मी ऐकलेलं नाही.

मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले होते. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये सत्तर हजार किलोमीटरांहून अधिक प्रवास पुरा करून परतले. इराण, इराकच्या वाळवंटांतून, जिथे रस्ताच नव्हता तिथून ते गेले. आज युरोप-अमेरिकेत खडीच्या रस्त्यावर सायकल चालवणं हा नवा खेळ झाला आहे. त्याला ते ग्रॅव्हल सायकलिंग म्हणतात. २०२२ मध्ये इटलीत त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. रुंद टायर, नरम हवा, सैल कोपरं, वजन मागे, वळणाआधी वेग कमी, हे सगळं तिथे आता शास्त्र म्हणून शिकवतात. वाचताना मला तात्यांचा आवाज ऐकू येतो, फक्त भाषा इंग्रजी.

पुण्यातल्या माझ्या पुतण्याने अशी एक सायकल घेतली. किंमत ऐकून मी विषय बदलला. गेल्या दिवाळीत तो ती घेऊन गावी आला आणि म्हणाला, ‘‘काका, इथे कुठे ग्रॅव्हल आहे का?’’ मी त्याला आमच्या जुन्या शाळेच्या रस्त्याकडे घेऊन गेलो. त्याचा बराचसा भाग आता डांबरी आहे, पण ओढ्याच्या अलीकडचा अर्धा-पाऊण किलोमीटर अजून तसाच आहे, मुरूम वाहून गेलेला, खालची खडी उघडी पडलेली. हाताने फोडलेली खडी ओळखू येते. यंत्राच्या खडीसारखी ती एका मापाची नसते. तो हवा कमी करायला खाली बसला आणि खिशातून छोटं यंत्र काढून आकडे बघू लागला. मग मला विचारलं, ‘‘काका, तुम्ही किती ठेवायचा?’’ मी वाकून अंगठ्याने टायर दाबून पाहिला आणि अजून थोडी सोड म्हणालो.

तो ओढ्यापर्यंत गेला आणि परत आला. एकदाही पडला नाही. येताना मात्र पुढचं चाक बसलेलं होतं. बाभळीचा काटा.